कॅम्प कुठून सुरू होतो?

हिमालयात ट्रेकला जायचं ठरलं की आधी एक व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो. डीपीला कुठूनतरी उचललेला बर्फाचा फोटो असतो आणि पहिल्या दोन दिवसांत दोनशे मेसेज पडतात. मग कुणीतरी पोल टाकतं. केदारकंठा, हामटा पास, कुआरी पास, सार पास. मग तारखांचा पोल. मग बजेट. बजेटचा आकडा पडल्यावर ग्रुपवर जी शांतता पसरते, तिच्याबद्दल मला लिहायचं आहे.

ही शांतता सगळ्यांची नसते. एका-दोघांची असते, आणि बाकीचे बोलत असतात म्हणून ती ऐकू येत नाही. तो एखाददुसरा मित्र अंगठा टाकतो, किंवा 'सुट्टीचं बघून सांगतो' म्हणतो. पुढच्या वर्षी नवा ग्रुप निघतो तेव्हाही त्याला ॲड केलं जातं, तोही अंगठा टाकतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याला ॲड करायचं राहून जातं. कुणी कुणाला काढलेलं नसतं, भांडण झालेलं नसतं. लग्नाला सगळे भेटतात, मिठ्या मारतात. फक्त ट्रिपचे फोटो बघितले तर लक्षात येतं, की एका फोटोत आता एकाच पगाराची माणसं उरली आहेत.

पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्यांना हे जरा जास्त दिसतं, कारण आमच्याकडे एकाच बाकावरची पोरं दोन दिशांना जातात. दहावीनंतर डिप्लोमाला एकत्र असतात. त्यातले काही थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला जातात आणि तिथून हिंजवडीला लागतात. काही डिप्लोमावरच थांबतात आणि भोसरी, चाकण, तळेगावला लागतात, बहुतेक वेळा कंत्राटदाराच्या पटावर. अंतर फार नाही. पण एकाची सुट्टी शनिवार-रविवार आणि दुसऱ्याची गुरुवार, कारण आमच्या एमआयडीसीत बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. एक सकाळी अकराला लॅपटॉप उघडतो, तेव्हा फर्स्ट शिफ्टवाल्याचं निम्मं काम उरकलेलं असतं. सेकंड शिफ्टवाल्याला फोन लावावा, तर तो उचलतो रात्री बाराला, कंपनीच्या बसमधून.

सह्याद्रीत हे कधी जाणवलं नाही. लोहगडला जायचं तर चिंचवड किंवा आकुर्डीहून लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं आणि चालायला लागायचं. डबा घरचा. खर्च इतका किरकोळ की कोणी किती दिले याचा हिशेब ठेवायलाच लाज वाटावी. एक दिवसाचं काम, गुरुवारी जा नाहीतर रविवारी. हिमालय मात्र लांब आहे, आणि लांब असणं ही फार महाग गोष्ट आहे. ज्या सांकरी गावातून केदारकंठाची चढाई सुरू होते, ते गावच साधारण ६,४०० फुटांवर आहे, म्हणजे ५,४०० फुटांच्या आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. आपला सगळ्यात उंच डोंगर जिथे संपतो त्याच्याही वर त्यांचा पायथा. तिथवर पोचायलाच आपला निम्मा प्रवास खर्च होतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही पाच जण केदारकंठाला गेलो. चौघे हिंजवडीत, एक चाकणला. आमच्यातल्या प्रत्येकाला ट्रेक कितीला पडला हे मी नंतर मांडून बघितलं. (इंजिनिअर आहे, सवय जात नाही.) ट्रेकची फी साधारण दहा हजार. डेहराडून ते सांकरी जीप, एक रात्रीचं हॉटेल, वाटेतलं खाणं, सगळं मिळून तीन हजार. बर्फातले बूट, गेटर, जाडं जॅकेट यांचं भाडं दीड हजार. इथपर्यंत सगळ्यांना सारखंच. पुणे-दिल्ली-डेहराडून विमानाने येऊन-जाऊन बारा हजार. म्हणजे मला साडेसव्वीस हजार, माझा दहा दिवसांचा पगार. चाकणच्या मित्राने विमान घेतलं नाही. तो झेलमने आला, स्लीपरने. झेलम पुण्याहून संध्याकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी रात्री दिल्लीला पोचते. तिथून रात्रीची बस, सकाळी डेहराडून. परतीलाही तसंच. त्याचा जाण्या-येण्याचा खर्च तीन हजारांत बसला.

स्प्लिटवाइजवर बघाल तर तो आमच्यापेक्षा नऊ हजारांनी स्वस्तात गेला. पण ट्रेक रविवार ते शुक्रवार होता. आम्ही शनिवारी निघून पुढच्या शनिवारी घरी, म्हणजे पाच रजा, पाचही पगारी. तो गुरुवारच्या सुट्टीला संध्याकाळी निघाला आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी पुण्यात उतरला. मधला एक गुरुवार सोडला तर नऊ खाडे. त्याच्या हातात तेव्हा महिन्याला अठरा हजार यायचे, म्हणजे दिवसाला साधारण सातशे. नऊ खाड्यांचे सहा हजार तीनशे कापले गेले, वर त्या महिन्याचा अटेंडन्स बोनस गेला तो वेगळाच. बोनस सोडूनसुद्धा त्याचा खर्च तेवीस हजार आठशे. महिन्याचा पूर्ण पगार टाकला तरी ट्रेक फिटत नव्हता. हॉटेलचं बिल, जीपचं भाडं, अगदी मसुरीच्या रस्त्यावरच्या मॅगीचंही स्प्लिटवाइजमध्ये पाच जणांत वाटप होतं. खाड्याला तिथे रकाना नाही.

रजेची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ऑफिसात बसणाऱ्यांना ती माहीत नसते. तेव्हा लागू असलेला १९४८ चा कारखाना कायदा सांगायचा, की वर्षात २४० दिवस काम भरलं तर दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा मिळते. कायदा वाईट नव्हता. पण कंत्राटावरच्या पोराला सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळायचा. पटावरून नाव काढायचं, थोड्या दिवसांनी पुन्हा घ्यायचं, किंवा दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर घ्यायचं. २४० भरतच नसत. त्यामुळे ज्याला पैसे कमी मिळतात त्यालाच दिवसही कमी मिळतात, आणि स्वस्त तिकीट काढलं की ते तिकीट पैशांऐवजी दिवस खातं. गरिबाला प्रवास स्वस्त पडतो असं आपण म्हणतो, तेव्हा आपण फक्त तिकिटाची किंमत बघत असतो.

आता मुद्द्याचा प्रश्न. मित्रांनी एकत्र जायचं ठरवलं आणि त्यांच्या ऐपती वेगवेगळ्या असल्या, तर ट्रिप कुणाच्या मापाने शिवायची?

या प्रश्नावर विचार करताना मला जी. ए. कोहेन नावाच्या तत्त्वज्ञाची आठवण येते. जन्म कॅनडाचा, शिकवलं ऑक्सफर्डला. २००९ साली, म्हणजे तो वारला त्याच वर्षी, त्याचं 'व्हाय नॉट सोशलिझम?' हे अगदी छोटं पुस्तक आलं. एका बैठकीत वाचून होतं. त्याची सुरुवात एका कॅम्पिंग ट्रिपपासून होते. काही मित्र तंबू घेऊन फिरायला गेले आहेत. भांडी, कॉफी, मासे पकडायचे गळ, पत्ते, सगळं सगळ्यांचं. कुणी स्वयंपाक करतं, कुणी भांडी घासतं. मग कोहेन गंमत करतो. समजा, त्यातला एक जण मासे पकडण्यात पटाईत आहे, आणि तो म्हणाला, मी जास्त पकडतो तर मला चांगला मासा हवा. दुसरीला सफरचंदाचं झाड सापडलं आणि ती म्हणाली, झाड मी शोधलं, म्हणून माझं काम कमी करा. कसं वाटेल? ट्रिपची वाट लागेल. एरवी समानतेच्या नावाने नाक मुरडणारा माणूससुद्धा कॅम्पवर असं वागणार नाही, असं कोहेनचं म्हणणं. मग समाजात हे का चालत नाही, हा त्याचा पुढचा प्रश्न.

वाचताना मला पटलं, कारण वर बर्फात आम्ही तसेच होतो. जुडा का तालाबच्या कॅम्पवर एकाचे हातमोजे भिजले, तर दुसऱ्याने आपली जास्तीची जोडी दिली आणि ती कुणी स्प्लिटवाइजवर टाकली नाही. चिक्की आणि खजूर फिरत होते. कुणाच्या पॉवर बँकेतून कुणाचा फोन चार्ज होतोय याची नोंद नव्हती.

पण कोहेनच्या ट्रिपमध्ये एक गोष्ट नाही. ती ट्रिप सुरू होते तेव्हा सगळे आधीच तळ्याकाठी पोचलेले असतात. तिथवर कोण कशाने आलं, कुणाचे किती खाडे झाले, गळ कुणाच्या पैशांचा, कोण येऊ शकलं नाही, हे पुस्तकात नाही. त्याला ते नको होतं, त्याला एक साधं चित्र हवं होतं, ते मी समजू शकतो. माझा अनुभव असा, की कॅम्पवर समान वागणं फार सोपं आहे. तिथे पैशाने घ्यायला काही नसतंच. जिथे बाजार पोचत नाही तिथे सगळेच साम्यवादी. खरी परीक्षा त्याआधी दोन महिने होते, पोल पडतो तेव्हा. कॅम्प सांकरीला सुरू होतो असं मानलं, तर खालचा सगळा प्रवास ज्याचा त्याने बघायचा. कॅम्प ग्रुप तयार झाला तेव्हाच सुरू झाला असं मानलं, तर नऊ खाडे हा पाचही जणांचा प्रश्न होतो.

आमच्याकडे तो प्रश्न सुटला नाही, पण त्याच्याशी थोडी झटापट झाली. चाकणचा मित्र स्वतःच म्हणाला, तुम्ही विमानाने या, मी झेलमने येतो, डेहराडूनला भेटू. एकाने सुचवलं, की खर्च पगाराच्या प्रमाणात वाटू. कल्पना जुनी आहे. ॲरिस्टॉटलनेही 'निकोमाकियन एथिक्स'मध्ये मैत्रीवर लिहिताना म्हटलंय, की असमान माणसांची मैत्री प्रमाणाने तोलावी लागते. (अंतर फारच वाढलं तर मैत्री उरत नाही, हेही तिथेच म्हटलंय, पण ते आम्ही ग्रुपवर टाकलं नाही.) चाकणच्या मित्राने एका ओळीत विषय संपवला : "म्हणजे माझी सॅलरी स्लिप ग्रुपवर टाकू का?"

त्याचं बरोबर होतं. प्रमाण काढायचं तर मापावं लागतं, आणि मापलं की ज्याचं कमी भरतं त्याला सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं. त्याचे पैसे आम्ही भरले असते तर ट्रिपभर तो चहाचं बिल द्यायला आमच्याआधी धावला असता. उपकाराखाली दबलेला माणूस कसा जास्तच हसतो, जास्तच बॅगा उचलतो, हे आपण सगळ्यांनी लग्नाघरी पाहिलंय.

मग आमच्यातल्या चौथ्याने परस्पर झेलमचं दुसरं तिकीट काढलं. ग्रुपवर लिहिलं, की मला विमानात कान दुखतात, मीपण ट्रेनने येतो. हा माणूस कंपनीच्या कामासाठी महिन्यातून एकदा बंगळुरूला विमानाने जातो. त्याचे कान दुखल्याचं कुणी ऐकलेलं नाही. चाकणच्या मित्राने त्यावर कापसाच्या बोळ्यांचा फोटो टाकला, म्हणजे त्यालाही कळलं होतं. पण कुणी काही बोललं नाही.

या खोट्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. नीतीच्या पुस्तकात खोटं बोलणं वाईट, आणि इथे तर ते पकडलंही गेलं होतं. तरी त्याने जे साधलं ते खऱ्या बोलण्याने साधलं नसतं. 'तुझ्यासाठी येतो' म्हटलं असतं, तर तो उपकार झाला असता. कानाचं निमित्त सांगितल्यामुळे दोघांनाही मान खाली घालावी लागली नाही. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. त्याने पैसे दिले नाहीत, दिवस दिला. त्याची एक रजा जास्त गेली आणि ट्रेनच्या अंग आखडवणाऱ्या दोन रात्री गेल्या. पैसे दिले की देणारा आणि घेणारा समोरासमोर येतात. दिवस दिला की दोघं एकाच बाजूला, शेजारच्या बर्थवर बसतात. अर्थात, दिवस देणंही त्यालाच परवडलं, कारण त्याची रजा पगारी होती. म्हणून मी याला तोडगा म्हणणार नाही. पण उरलेल्या तिघांना, म्हणजे मलाही धरून, जे सुचलं नव्हतं ते त्याला सुचलं.

डेहराडूनला आमचं विमान धुक्यामुळे तीन तास उशिरा उतरलं. हॉटेलात शिरताच आम्ही तिघांनी विमान कंपनीच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. समोर हे दोघं आंघोळ करून, पराठे खाऊन बसलेले, सत्तावीस तासांच्या रेल्वेप्रवासानंतर. ते हसायलाच लागले. त्याच पुस्तकात कोहेनने एक उदाहरण दिलंय. रोज गाडीने जाणाऱ्या श्रीमंत माणसाला एक दिवस बसने जावं लागलं, तर त्याची कटकट तो दुसऱ्या गाडीवाल्याला सांगू शकतो. रोज बसनेच जाणाऱ्याला सांगू शकत नाही. सांगितलं तरी ते पोचत नाही, कारण दोघांच्या अडचणी एका जगातल्या नाहीत. कोहेन म्हणतो, अशा ठिकाणी दोघांत बंधुत्व उरत नाही. त्या खोलीत थोडं उरलं, कारण पराठे खाणाऱ्यांपैकी एक जण दोन्ही जगांतला होता. त्याने आमची कटकट त्याला आणि त्याची गाडी आम्हाला समजावून सांगितली. झेलमचे किस्से नंतर चार दिवस पुरले.

डोंगरात गेल्यावर मात्र मापायची लाज एकदम नाहीशी होते. रोज संध्याकाळी जेवणाच्या तंबूत ट्रेक लीडर ऑक्सिमीटर घेऊन यायचा. प्रत्येकाच्या बोटाला लावायचा, आकडा मोठ्याने वाचायचा, वहीत लिहायचा. ९१, ८८, ८३. कुणाचा कमी आला तर त्याला सगळ्यांसमोर सांगायचे, पाणी पी, लगेच आडवा होऊ नकोस, डोकं दुखलं तर रात्री उठव. कुणाला अपमान वाटला नाही. सर्वांत कमी आकडा आमच्या टीम लीडचा होता, ऑफिसात पन्नास माणसं त्याच्या हाताखाली आहेत. सर्वांत चांगला चाकणचा. शिखराच्या दिवशी पहाटे तीनला निघालो तेव्हा गाइडने सगळ्यात हळू चालणाऱ्याला रांगेत सर्वांत पुढे घेतलं आणि स्वतः त्याच्या पुढे चालला. बाकी सगळे मागे, त्याच्या चालीने. मागून कुणी ओव्हरटेक करायचं नाही. १२,५०० फुटांवर आम्ही सूर्योदयाच्या जरा उशिराच पोचलो. कुणीही म्हटलं नाही, की आपण त्याच्यावर मेहरबानी केली. उंचीचा त्रास झालेल्याला एकट्याला खाली पाठवत नाहीत, सोबत कुणीतरी उतरतंच. हा तिथला नियम आहे, सौजन्य नाही.

मग फुप्फुसाच्या कमतरतेला आपण नियम लावतो आणि खिशाच्या कमतरतेला दया, हे कसं? माझं उत्तर असं, की फुप्फुसं आपली कमाई नाही असं आपण मानतो आणि पगार आपली कमाई आहे असं मानतो. हे दुसरं मानणं तपासायला हवं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी चाकणच्या मित्राला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. त्याच वर्षी त्याच्या वडिलांची कंपनी बंद पडली आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. माझ्या वडिलांची चालू राहिली, म्हणून मला आणखी तीन वर्षं शिकता आलं. मी मेहनत केली नाही असं मी म्हणत नाही. चार वर्षं सपोर्ट प्रोजेक्टवर रात्री जागून काढली आहेत. पण ती मेहनत करायची संधी मला जिथून मिळाली, ती जागा मी कमावलेली नव्हती. ऑक्सिजनचा आकडा जितका माझा, तितकाच जवळजवळ पगाराचा आकडा माझा.

यावर आमच्या टीम लीडचा आक्षेप होता, आणि तो हलका नाही. तो म्हणाला, मग काय सगळ्यांनी वर्षातून एकदाही चैन करायची नाही? मी वर्षभर राबतो, मला आठ दिवस मिळतात, त्यातले दोन ट्रेनमध्ये का घालवू? मैत्री म्हणजे सगळ्यांनी एकाच डब्यात बसणं का? मला वाटतं, नाही. विमान हे पाप नाही. पण मित्रांची ट्रिप आणि चैन या दोन गोष्टी एकाच आठवड्यात बसवायच्या असतील, तर आधी कोणती मोजायची हे ठरवावं लागतं. जागा, तारीख, फी ठरवून झाल्यावर 'कोण कोण येतंय' विचारलं, तर उत्तर आधीच ठरलेलं असतं. तेच 'तुला किती दिवस मिळतील, कोणत्या महिन्यात' हे ज्याला सगळ्यात कमी मिळतात त्याला आधी, एकट्याला, फोनवर विचारलं, तर ट्रिप वेगळीच निघते. कदाचित केदारकंठा निघणार नाही, हरिश्चंद्रगड निघेल. हे नुकसान आहे. गाइडने हळू माणसाला पुढे घेतलं तेव्हाही सूर्योदय चुकला होता. तो टीम लीड आणि मी यावर अजून एकमत झालेलो नाही. तो म्हणतो, सूर्योदय चुकला कारण त्याचा आकडा ८३ होता आणि त्याला उशीर झाला. त्याने हे स्वतःबद्दल सांगावं, याची मला मौज वाटते.

आमच्या भागातून दरवर्षी एक मोठा प्रवास निघतो, त्याचंही उदाहरण कुणीतरी देणारच, म्हणून मीच देतो. तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि मग आकुर्डीला मुक्काम करते. लहानपणी आम्ही दर्शनाला जायचो. दिंडीत सगळे समान, असं म्हणायची पद्धत आहे. जवळून बघितलं तर दिंडीतही भिशी भरावी लागते, सामानाचा ट्रक असतो, कुणाचा तंबू बरा आणि कुणी उघड्यावर असतं. पैसा तिथेही आहे. पण एक गोष्ट तिथे आधीच ठरलेली असते : तारखा, मुक्काम आणि चाल. पंढरपूरला कधी पोचायचं, याचा पोल होत नाही. ज्याची ऐपत जास्त आहे त्याच्या सोयीने पालखी दोन दिवस आधी पोचत नाही. त्यामुळे शेतकरी पेरणी उरकून त्या तारखांना स्वतःला बसवू शकतो. आमच्या ट्रिपच्या तारखा मात्र ऑफिसच्या लाँग वीकेंडवर ठरतात, आणि त्या वीकेंडला चाकणची लाइन चालू असते.

कोहेनच्या कॅम्पमध्ये आणखी एक माणूस नाही. स्वयंपाकी. त्याचे मित्र स्वतःच मासे भाजतात. आमच्या कॅम्पवर एक स्वयंपाकी होता, दोन मदतनीस होते, दोन गाइड होते, आणि तंबू, शिधा, गॅस सिलेंडर वाहणारी खेचरं आणि त्यांचा मालक होता. पंचवीस जणांच्या बॅचला रात्री उणे तापमानात गरम गुलाबजाम मिळायचे. आम्ही समानतेवर बोलत होतो ते या सगळ्यांनी उभारलेल्या तंबूत बसून. मी वर हातमोज्यांचं लिहिलं, ते खरं आहे. मोजे आमच्या पाच जणांत फिरले, हेही खरं आहे. सकाळी गोठलेल्या पाण्याने भांडी घासणाऱ्या मदतनीसाच्या हातात काय होतं, ते मी पाहिलं नव्हतं. चाकणच्या मित्राने पाहिलं.

तो दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की किचनच्या तंबूत जाऊन बसायचा. तिथे ऊब असते, हे खरं कारण. पण तिथे तो जे प्रश्न विचारायचा ते आमच्यापैकी कुणाला सुचले नसते. रोजाने मिळतात की महिन्याने? सीझन संपला की काय करतोस? कंपनीचा आहेस की मधल्या माणसाचा? आजारी पडलास तर तो दिवस धरतात का? मदतनीस विशीचा होता, मोरीकडच्या एका गावचा. घरची थोडी सफरचंदाची झाडं, थोडा राजमा. हिवाळ्यात केदारकंठा, उन्हाळ्यात दुसऱ्या ट्रेकवर, मध्ये पावसात घरी. उत्तराखंड हायकोर्टाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे तिथल्या उंच गवताळ कुरणांवर, रात्री मुक्कामाला बंदी घातली. गवताचा विचार केला तर निकाल योग्यच होता. पण त्यानंतर रूपकुंडच्या बाजूची कामं गेली आणि तिकडची पोरंही इकडे आली, असं तो म्हणाला. ही चर्चा मला दुसऱ्या दिवशी चालताना कळली. चाकणचा मित्र म्हणाला, "त्यालापण ब्रेक असतो. फक्त त्याचा ब्रेक पावसाळ्यात येतो."

हे त्याने दुःखाने सांगितलं नाही. ओळखीचं गाव निघाल्यासारखं सांगितलं. दोन हजार किलोमीटरवर त्याला आपल्या लाइनवरचा माणूस भेटला होता. मी तेव्हा विचार केला, की झेलमच्या डब्यात आमच्या चौथ्या मित्राने त्याला सोबत दिली, हे चांगलंच. पण त्या ट्रेकवर त्याला जी बरोबरी मिळाली ती आमच्या तंबूत नव्हती.

सांकरीला परत आल्यावर टिप काढायची पद्धत आहे. बॅचने प्रत्येकी तीनशे काढले. लीडरने दोन गाइड, स्वयंपाकी, दोन मदतनीस अशी यादी केली. चाकणच्या मित्राने विचारलं, खेचरवाल्याचं काय? यादीत तो नव्हता. तो ट्रेक कंपनीचा नव्हता, फेऱ्यांवर पैसे घेणारा होता, म्हणून त्याचं नाव कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मित्राने आमच्या पाचांत वेगळे पैसे जमवले, प्रत्येकी शंभर, सगळ्यांना सारखे. यावर कुणी प्रमाणाचा विषय काढला नाही. पाचशे रुपये घेऊन तो गावाच्या टोकाला खेचरं बांधतात तिथे गेला आणि अर्ध्या तासाने परत आला. खेचरवाला पुढच्या बॅचचं सामान घेऊन सकाळीच वर गेला होता. पैसे त्याने किचनवाल्या पोराकडे ठेवायला दिले. पोहोचल्याचा मेसेज त्या पोराने आठ दिवसांनी केला, सांकरीला रेंज आल्यावर.